पाकिटातला आकडा

दत्तोबा बिरादारांना एक खोड होती. बॉक्सिंगबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की त्यांना राहवत नसे. चहाच्या हॉटेलात बसलेले असोत नाहीतर कुणाच्या बारशाला गेलेले असोत, शेजारचा माणूस नुसतं "त्यात काय, मारामारीच ती" असं म्हणाला की दत्तोबा खुर्ची पुढे ओढायचे. "तसं नसतंय साहेब," इथून सुरुवात व्हायची. मग उठून, डावा पाय पुढे टाकून, हनुवटी छातीशी घेऊन दाखवणं आलंच. लोक थोडा वेळ ऐकायचे. मग कुणीतरी क्रिकेटचं काढायचं आणि दत्तोबा पुन्हा खुर्चीत बसायचे.

मूळ उदगीरकडचे. वडील निजामाच्या काळात हैदराबादेला आले ते इथलेच झाले. दत्तोबा फौजेत गेले, तिथे पलटणीतून बॉक्सिंग खेळले, नाकाचं हाड दोनदा मोडून घेतलं आणि हवालदार होऊन परत आले. पुढे जामबागेतल्या एका कॉलेजात जिमखान्याचं सामान सांभाळायची नोकरी लागली. बॅटी मोजायच्या, कॅरमच्या सोंगट्या मोजायच्या, कुलूप लावायचं. मास्तर लोक त्यांना "ओ दत्तोबा" म्हणून हाक मारत, आणि तीही किल्लीसाठी.

पण सकाळी अंबरपेठेच्या मैदानावर ते उस्ताद असत. बाभळीच्या फांदीला वाळूचं पोतं टांगलेलं, बाजूला शेंदूर लावलेला मारुतीचा दगड. शिकवायचे फुकट. पोरं यायची, वर्ष-सहा महिन्यांनी जायची. टिकला तो एकटा बबलू.

बबलूचं कागदावरचं नाव बळीराम पांचाळ. बाप सुतार होता, तो गेला तेव्हा बबलू लहान होता. आई भामा चार घरांच्या ज्वारीच्या भाकरी करून पोचवायची. बोलायला फटकळ, पण दत्तोबांना ती "भाऊ" म्हणायची आणि राखीपौर्णिमेला न चुकता यायची. बबलूच्या हातांना पट्ट्या बांधायच्या त्या दत्तोबांनीच. आधी डाव्या, मग उजव्या. अंगठ्यापासून सुरू करून मनगटाशी गाठ, आणि गाठ मारली की मारुतीकडे बघून हात जोडायचे. दुसऱ्या कुणी बांधलेल्या पट्टीवर बबलू ग्लोव्ह चढवत नसे. "उस्तादांची गाठ पाहिजे," म्हणायचा.

पूर्वी चांगल्या बॉक्सरला कारखान्यात नोकरी मिळायची. बबलूलाही सनतनगरला तशी मिळाली होती. पण नवं धोरण आलं, कारखाने माणसं कमी करायला लागले आणि पहिल्यांदा खेळाडूंवर कुऱ्हाड पडली. बबलू घरी बसला. त्याच सुमाराला पैशांच्या लढती सुरू झाल्या. कोल्ड्रिंकवाले, केबलवाले बोर्ड लावायला पैसे देऊ लागले. बबलू तशा लढती खेळत खेळत वर चढला आणि शहाण्णव साली दक्षिण भारताच्या लाइटवेट किताबासाठी त्याचं नाव लागलं. चॅम्पियन होता विशाखापट्टणमचा.

आता या किताबाच्या लढतीची रीत अशी, की दोन्ही बाजूंनी महिन्याभरात बसून ठरवायचं. लढत कुठे, पैसे किती. नाही जमलं तर ज्या कुणाला लढत भरवायची आहे त्यांनी बंद पाकिटात आपापला आकडा लिहून द्यायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याची लढत. ती रक्कम खेळाडूंची. तीन हिश्शांतले दोन चॅम्पियनचे, एक आव्हान देणाऱ्याचा. जिंको नाहीतर हरो.

बबलूच्या मनात एकच होतं. अंबरपेठेत छे नंबर म्हणतात त्या बसस्टॉपसमोर एक गाळा होता. तिथे एसटीडीचा बूथ टाकायचा. गाळ्याची पगडी पावणेदोन लाख मागत होते.

"आई बसेल गल्ल्यावर," तो म्हणायचा. "भाकऱ्या बंद. नुसतं मीटर बघायचं."

"मला इंग्रजी आकडे कळत नाहीत रे," भामा म्हणायची.

"अम्मा, आकडे सगळ्यांचे सारखेच असतात. कायकू घाबरतेस?"

चॅम्पियनकडून बोलणी करायला आले ते वेंकटरत्नम. वयस्कर, पांढरे कपडे, कपाळावर बारीक कुंकू. विशाखापट्टणममध्ये त्यांचं बर्फाचं दुकान होतं आणि बॉक्सिंगचा नाद. दत्तोबांच्या दोन खोल्यांच्या घरात ते मांडी घालून बसले. कुसुमताईंनी, म्हणजे दत्तोबांच्या बायकोने, पिठलं-भाकरी वाढली ती त्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

"दत्तोबा गारू," हात धुऊन आल्यावर ते तेलुगू अदबीने म्हणाले, "मैं सीधी बात करता. मेरे पास चार लाख हैं. उसके ऊपर एक रुपया नहीं. आप हाँ बोलो, विशाखापट्टणम में खेलेंगे."

दत्तोबांनी शेजारी बसलेल्या बबलूकडे पाहिलं. बबलू मान हलवून "नको" म्हणत होता. एक तर लढत आपल्या गावात व्हावी ही त्याची इच्छा, आणि दुसरं म्हणजे कुकटपल्लीचे प्रतापराव हैदराबादेत लढत भरवणार, ही बातमी मैदानावर आली होती. प्रतापराव आपले मराठीच. वडील बैलांचा व्यापार करायचे, मुलाने फ्लॅट बांधायला घेतले, वर केबलचं जाळं टाकलं. पैसा हात धुवायला होता. पाकिटावर गेलं तर आकडा चढणार, असं बबलूचं गणित.

"पाकिटं होऊ द्या, उस्ताद," तो हळूच म्हणाला.

वेंकटरत्नम हसले. "ठीक है. तो मैं पाकीट में भी वही लिखूँगा. चार. मेरे को झूठ लिखना नहीं आता." मग चपला घालताना दत्तोबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आपके घर में खाया, इसलिए बोल दिया. आपके पेट में रखना."

"हौ गारू. फिकर नको," दत्तोबा म्हणाले.

आणि ते मनापासून म्हणाले. यात काही खोटं नव्हतं.

पाकिटं द्यायच्या आदल्या रविवारी प्रतापरावांच्या नव्या ऑफिसात सत्यनारायण होता. आमंत्रण द्यायला गाडी घेऊन ड्रायव्हर आला. कुसुमताईंचा गुडघा दुखत होता, म्हणून दत्तोबा एकटेच गेले.

कुकटपल्लीला नवी इमारत. सिमेंटचा वास अजून गेला नव्हता. दत्तोबा सवयीने चपलांच्या ढिगाजवळ, दाराशी टेकले. पूजा संपली, आरती झाली. पीतांबर नेसलेले प्रतापराव उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो दत्तोबाराव! तिकडे कुठे? पुढे या, पुढे."

दत्तोबाराव. आयुष्यात कुणी त्यांना असं म्हटलं नव्हतं. ते पुढे गेले. पुढे बँकेचे मॅनेजर होते, एक नगरसेवक होता, दोघे-तिघे कंत्राटदार होते. प्रतापरावांनी त्यांना मॅनेजरच्या शेजारी बसवलं आणि ओळख करून दिली, "हैदराबादेत बॉक्सिंग कळणारा माणूस कोण विचाराल, तर हे."

"असं का?" मॅनेजर वळून बसले. "मग सांगा हो, आमच्या प्रतापरावांनी या बॉक्सिंगमध्ये पडावं का? आम्ही म्हणतोय, बुडणार."

दत्तोबांनी सांगितलं. नेहमीपेक्षा जास्त सांगितलं. पाय कसे ठेवायचे तेही बसल्या बसल्या हाताने दाखवलं. आणि नवल म्हणजे लोक ऐकत होते. कुणी क्रिकेटचं काढलं नाही. एका कंत्राटदाराने तर "वा" म्हटलं. तेवढ्यात शिऱ्याचं पातेलं आलं, तीर्थ आलं.

"पण काय हो," प्रतापराव शिरा वाढता वाढता मॅनेजरांना म्हणाले, "ते विशाखापट्टणमवाले. बंदराचा पैसा त्यांच्याकडे. दहा-बारा लाख टाकले तर आम्ही कुठे जाणार?"

"टाकतील की. शिपिंगवाले असतील मागे," मॅनेजर म्हणाले.

"पंधरासुद्धा टाकतील," नगरसेवक म्हणाला.

चुकीचं बोलत होते. अगदीच चुकीचं. दत्तोबांच्या जिभेवर ते आलं आणि त्यांना राहवलं नाही.

"छे छे," ते हसून म्हणाले. "तसं नसतंय साहेब. चाराच्या वर जायचा नाही तो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. प्रतापरावांचा हात शिऱ्याच्या पातेल्यावर थांबला. मग ते खाली बसले, अगदी जवळ.

"चार? नक्की?"

 आपण काय बोलून बसलो ते आता मात्र दत्तोबांच्या लक्षात आलं होतं.

"दत्तोबाराव, प्रसाद आहे हातात," प्रतापराव हसत म्हणाले. "देवाच्या घरी खोटं नको. नक्की चार?"

दत्तोबांनी ओंजळीतल्या शिऱ्याकडे पाहिलं. वर केळ्याची चकती होती.

"माझ्या घरी बसून बोललेत," ते म्हणाले.

गाडीनेच त्यांना अंबरपेठेला परत सोडलं.

पाकिटं उघडायचा कार्यक्रम नामपल्लीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. बॉक्सिंग मंडळाचे दोन पदाधिकारी, चार पत्रकार, बिस्किटं, चहा. एका बाजूला वेंकटरत्नम, दुसऱ्या बाजूला प्रतापराव आणि त्यांचा हिशेबनीस. बबलूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. भामा दाराबाहेरच थांबली; आत गारठा आहे म्हणाली.

पहिलं पाकीट विशाखापट्टणमचं. चार लाख.

दुसरं प्रतापरावांचं. वाचणाऱ्याने चष्मा सरळ केला. "चार लाख, पाच हजार, एक."

टाळ्या वाजल्या. लढत हैदराबादला आली. बबलूने आधी टाळ्या वाजवल्या आणि मग त्याचा चेहरा जरा उतरला; हिशेब त्याला तोंडपाठ होता, तिसरा हिस्सा एक लाख पस्तीस हजार, गाळ्याला पुरणार नव्हता. पण लगेच सावरून तो वाकला आणि त्याने दत्तोबांच्या पायाला हात लावला. "घरची पब्लिक आहे उस्ताद. आणखी काय पाहिजे?"

दत्तोबा बघत होते वेंकटरत्नमकडे. म्हाताऱ्याने वर पाहिलंच नाही बराच वेळ. टेबलावर बोटाने काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. पाच हजार एक. शुभाचा तो वरचा एक रुपया. मग उठले, प्रतापरावांशी हात मिळवला, बबलूच्या डोक्यावर हात ठेवला. दत्तोबांच्या समोरून जाताना थांबले.

"आपके घर की भाकरी अच्छी थी," एवढंच म्हणाले आणि गेले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दत्तोबांना वाटलं, आपण या हॉलमध्ये उघडे उभे आहोत.

जाताना प्रतापरावांनी त्यांना आपल्या मारुती गाडीत घेतलं. गडी खुशीत होता, मांडीवर थाप मारत होता. "दत्तोबाराव, तुमचे उपकार विसरणार नाही. अहो, आम्ही सहा लिहिलं होतं! पाकीट चिकटवून तयार. तुमचं ऐकलं आणि नवीन पाकीट आणायला पाठवलं." मग सीटमागून एक पुडकं काढून त्यांनी दत्तोबांच्या मांडीवर ठेवलं. "सफारीचं कापड आहे. छान शिवून घ्या. लढतीच्या दिवशी माझ्या शेजारी बसायचं तुम्ही."

दत्तोबांनी ते घेतलं. नको म्हणायला तोंड उघडायला हवं होतं आणि त्या तोंडाचीच त्यांना भीती वाटत होती.

घरी आल्यावर पुडकं कपाटावर टाकलं. संध्याकाळी भामा पेढे घेऊन आली. तिची नजर पहिल्यांदा तिथेच गेली.

"अगं बाई, सफारी? भाऊ, आता साहेब होणार तुम्ही! कुणी दिली?"

"प्रतापरावांनी."

"हो? कशाबद्दल?"

दत्तोबांनी पेढा तोंडात घातला. "असंच."

"असंच मला कुणी पोलक्याचं कापड देत नाही," भामा म्हणाली आणि हसली. कुसुमताई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

त्यानंतर एक गोष्ट कुसुमताईंच्या लक्षात आली. गुरुवारी दोघं दत्ताच्या देवळात जात. दत्तोबा आरतीला उभे राहत, पण गुरुजी प्रसाद वाटायला लागले की चपला बघून येतो म्हणत बाहेर जात. एका गुरुवारी झालं, दुसऱ्या गुरुवारी झालं. तिसऱ्या वेळी कुसुमताईंनी स्वतःच्या हातातली साखरफुटाण्याची पुडी घरी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"काय झालंय?"

दत्तोबांनी सांगितलं. प्रतापराव जवळ बसले, देवाच्या घरी खोटं नको म्हणाले, ओंजळीत शिरा होता. "आता तूच सांग," ते म्हणाले, "प्रसाद हातात घेऊन खोटं कसं बोलणार माणूस?"

कुसुमताई देवभोळ्या. सोळा सोमवार, संकष्टी, सगळं करणाऱ्या. त्यांना पटेल असं दत्तोबांना वाटलं होतं.  त्यांनी पुडी उचलून देवापुढे ठेवली.

"खोटं बोलू नये, खरंय. पण गप्प बसता येतं की. गप्प बसायला प्रसाद आड येत नाही."

"अगं, पण त्यांनी विचारलं ना."

"त्यांनी विचारायच्या आधी तुम्ही काय म्हणाला होतात?"

 तेवीस वर्षांचा संसार; त्यांना नवऱ्याची खोड ठाऊक होती.

"बबलूला सांगा," त्या म्हणाल्या.

"लढत होऊ दे."

"का?"

"कोपऱ्यात आला की तो माझ्याकडे बघतो. माझ्याकडे बघूनच पुढचा राउंड खेळतो. आज सांगितलं तर कुणाकडे बघेल?"

हे खरं होतं. त्यात भीतीही होती हे त्यांचं त्यांना कळत होतं. पण कुसुमताईंनी पुढे ताणलं नाही.

लढतीच्या दिवशी स्टेडियम भरलं होतं. अंबरपेठ लोटलं होतं, ढोल होते, केबलवर थेट दाखवत होते. दत्तोबांनी बबलूच्या हातांना पट्ट्या बांधल्या. आधी डावी, मग उजवी. गाठ मारली आणि हात जोडायला मारुती नव्हता म्हणून त्यांनी डोळे मिटले. मनात काही आलं नाही. नुसतं आलं, "चाराच्या वर जायचा नाही तो."

प्रतापरावांशेजारची खुर्ची रिकामी राहिली. दत्तोबा बादली घेऊन कोपऱ्यात होते, जुन्या ट्रॅकसूटमध्ये. बबलू झकास खेळला. सातव्या फेरीत चॅम्पियन दोरांवर गेला तेव्हा छप्पर उडेल असं वाटलं. पण पुढच्याच फेरीत बबलूची भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं, आणि शेवटच्या दोन फेऱ्या त्याने अर्ध्या नजरेने काढल्या. दर फेरीनंतर तो स्टुलावर बसून दत्तोबांकडे तोंड करायचा, आणि दत्तोबा कापूस दाबत म्हणायचे, "डावा हात वर. आहे, अजून आहे."

निकाल गुणांवर लागला. थोडक्यात हरला. किताब विशाखापट्टणमला परत गेला.

दोन दिवसांनी दत्तोबा बबलूच्या घरी गेले, सोबत कुसुमताई. बबलू खाटेवर पडला होता, भुवईला टाके, एक डोळा मिटलेला. भामा काथवटीत पीठ मळत होती. चेक आला होता, देवापुढे ठेवला होता, त्याच्यावर हळदीकुंकू.

"या उस्ताद. डोळा एकच चालतोय, पण तुम्ही दोन दिसताय," बबलू म्हणाला.

दत्तोबा खाली बसले. त्यांनी एकदम सांगितलं. आडून आडून बोलणं त्यांना जमलंच नसतं. वेंकटरत्नमचा आकडा मी प्रतापरावांना सांगितला. त्यांनी सहा लिहिलं होतं. मी सांगितलं म्हणून त्यांनी पाकीट बदललं. सफारीचं कापड त्याबद्दलचं.

भामाचे हात पिठात थांबले.

"सहा?" बबलू म्हणाला.

"सहा."

बबलू हसायला लागला, टाके ओढले गेले तसा थांबला. छताकडे बघत बसला. त्याच्या मनातला हिशेब दत्तोबांना ऐकू येत होता. सहाचे दोन लाख, गाळा, पगडी, गल्ल्यावर बसलेली आई.

"उस्ताद म्हणून माझा दहावा हिस्सा असतो तो मी घेणार नाही," दत्तोबा म्हणाले. "तो तुझाच. आणि दर महिन्याला पगारातून..."

"थांबा," भामा म्हणाली. तिने पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले. "हिस्सा सोडला की तुम्ही मोकळे होणार, असंच ना? रात्री झोप लागणार. आणि आमचं काय? मी राखी कुणाला बांधू ते सांगा आता."

"भामा..."

"ज्या दिवशी मी पेढे घेऊन आले, त्या दिवशी विचारलं होतं मी, कशाबद्दल म्हणून. तोंडात पेढा होता तुमच्या. माझा पेढा. तो खाऊन तुम्ही 'असंच' म्हणालात."

दत्तोबांची मान खाली गेली ती वर आली नाही. कुसुमताई उठून भामाशेजारी जाऊन बसल्या, तिच्यासमोरची काथवट ओढून घेतली आणि पीठ मळायला लागल्या. भामाने त्यांना अडवलं नाही.

"उस्ताद," बबलू म्हणाला. "मला आधी का नाही सांगितलं? मी लढलो नसतो असं वाटलं?"

"लढला असतास. पण माझ्याकडे बघितलं नसतंस."

बबलूने यावर विचार केला. "हौ," तो म्हणाला. "नसतं बघितलं." मग त्याने चांगला डोळा दत्तोबांवर रोखला. "त्या गारूंना सांगितलंत?"

"नाही."

"त्यांनी तुमच्या घरी भाकरी खाल्ली उस्ताद. आधी त्यांना सांगा. माझं नंतर बघू."

छे नंबरला ज्या गाळ्यावर बबलूची नजर होती तो अजून बंदच होता. शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी बूथ होता. दत्तोबा काचेच्या खोक्यात शिरले. बर्फाच्या दुकानाचा नंबर त्यांच्याकडे होता. लाल आकडे पळायला लागले.

"वेंकटरत्नम गारू? मैं दत्तोबा. हैदराबादसे."

पलीकडे बर्फ फोडल्याचा आवाज येत होता. तो थांबला. "बोलो."

"तप्पु, चूक झाली माझ्याकडून," दत्तोबा म्हणाले. तेलुगू, मराठी, काय तोंडाला येईल ते. "तुम्हारा आकडा मैंने बोला. प्रतापराव को."

"मालूम है."

"माझ्या हातात प्रसाद होता..." दत्तोबांनी सुरुवात केली आणि थांबले. लाल आकडे पळत होते. बाहेर एक बाई मुलाला कडेवर घेऊन काचेवर टिचक्या मारत होती. "नहीं गारू. प्रसाद का कुछ नहीं. प्रसाद बाद में आया. पहले ही बोल दिया था मैं. बडे लोग बैठे थे. मेरे को पूछ रहे थे. मेरे को कोई पूछता नहीं कभी. मेरे को अच्छा लगा."

 दत्तोबांना वाटलं फोन कटला.

"पिल्लाडु, वो लडका, कैसा है?" शेवटी वेंकटरत्नम म्हणाले. "आँख?"

"टाके पडलेत. ठीक है."

"अच्छा खेला. दिल से खेला." मग थोडं थांबून, "दत्तोबा गारू, आपने फोन किया, ठीक किया. आगे कुछ बात होगी तो मैं लडके से करूँगा. आपसे नहीं."

"हौ," दत्तोबा म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांनी फोन ठेवला, पैसे दिले आणि बाहेर आले. बाई घाईने आत शिरली. सफारीचं पुडकं त्यांनी दुसऱ्या दिवशी कुकटपल्लीला नेऊन दिलं. प्रतापराव नव्हते, हिशेबनिसाने रंग आवडला नाही का, असं विचारलं. कॉलेजात त्या आठवड्यात मास्तर लोक केबलवर पाहिलेल्या लढतीबद्दल बोलत होते, सातव्या फेरीबद्दल काहीबाही चुकीचं बोलत होते. दत्तोबांनी सोंगट्या मोजल्या आणि कुलूप लावलं.

टाके निघाल्यावर बरेच दिवस बबलू मैदानावर आला नाही. दत्तोबा रोज जात होते, पोतं झटकत होते, मारुतीला पाणी घालत होते. एका सकाळी तो आला. नमस्कार केला, पायाला हात लावला नाही. दत्तोबांनी सवयीने पट्ट्या काढून हातात घेतल्या.

बबलूने आपल्या पिशवीतून आपल्या पट्ट्या काढल्या. बाभळीखाली बसून त्याने स्वतःच बांधायला घेतलं, पट्टीचं टोक दातात धरून. दत्तोबा हातातल्या पट्ट्यांची गुंडाळी घट्ट करत उभे राहिले. डाव्या हाताची पट्टी मनगटाशी सुटत होती. तशी राहिली तर हाड दुखावणार.

"डावी सैल आहे," दत्तोबा हळू म्हणाले.

बबलूने हाताकडे पाहिलं. सगळी पट्टी सोडली आणि पहिल्यापासून, अंगठ्यापासून, पुन्हा स्वतःच बांधली. गाठ मारली. मग त्याने मारुतीकडे बघून हात जोडले आणि पोत्यापाशी जाऊन उभा राहिला.

दत्तोबा पोत्याच्या मागे गेले आणि ते हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.